सिनेमातला सुमंत आणि आमचे अण्णा

नाही, पण मी काय म्हणतो, 'सत्य घटनेवर आधारित' म्हणता ना? मग घ्या की त्या सत्याचा थोडा आधार! नुसती सुरुवातीला पडद्यावर चार पांढरी अक्षरं टाकायची, आणि मग अडीच तास मनाला येईल ते करत सुटायचं... आणि भोगायचं कोणी? आम्ही! मधे महिनाभर, तुम्हाला सांगतो, आमच्या घरात एक असा माणूस राहायला आला होता जो कधी जन्मालाच आला नव्हता. सुमंत त्याचं नाव. डोक्यावर केसांचा कोंबडा, बुडाखाली लाल मोटारसायकल, आणि प्रेम कोणावर? माझ्या सासूबाईंवर! हसू नका, हसू नका... इकडे माझ्या सासऱ्यांच्या घशाखाली इडली उतरत नव्हती आणि तुम्ही हसताय!

बरं, असं मधूनच नाही कळायचं तुम्हाला. मी शुभंकर. पुण्याचा. बंगळुरात आलो नोकरीसाठी आणि अडकलो लग्नात. बायको सौम्या, हिचं घराणं इथलंच, जुनं मराठी. किती जुनं? तर माझे सासरे हयवदनराव, म्हणजे आमचे अण्णा, सांगतात, "आम्ही शहाजीराजांबरोबर इकडे आलो, मग परत जायचं राहिलं." हे असं म्हणतात, जणू काय परवाच मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बस चुकली! आणि त्यांचं मराठी... वाक्य मराठीत सुरू होतं, मधे स्वल्प कन्नड, शेवटी 'सरी', म्हणजे आपलं 'बरं'. आमचं मराठी त्यांना भांडल्यासारखं वाटतं, त्यांचं आम्हाला कीर्तनासारखं. चालायचंच.

तर अण्णा म्हणजे बँकेतून चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झालेला माणूस. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आवाज कधी चढत नाही. माणूस सज्जन हो, अगदी सज्जन, इतका की लिफ्टमध्ये मच्छर चावला तरी "एक्स्क्यूज मी" म्हणेल. आणि सासूबाई वसुमती. के. आर. पुरमच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या त्या 'अक्का'. कमी बोलणार, सारू, म्हणजे आपलं सार, असा करणार की बोलायची गरजच पडू नये.

आता ह्या अक्का, तुम्हाला सांगतो, तरुणपणी बॉल बॅडमिंटन खेळायच्या. काय? शटल? नाही हो, शटल नाही! सगळे हेच म्हणतात! मीपण लग्नाआधी हेच म्हणालो होतो आणि सौम्याने माझ्याकडे असं बघितलं की लग्न तिथंच मोडायचं. बॉल बॅडमिंटन वेगळं. पिवळा लोकरीचा चेंडू, लाकडी बॅट, एका बाजूला पाच जण, उघड्यावर मैदानात. वारा आला की चेंडू कुठेही जातो, शहाणा खेळाडू वाऱ्याच्या आधी पोचतो. ह्या मुलुखात मोठा मान त्या खेळाला. आणि अक्कांचा संघ त्या काळी म्हैसूरला फायनल जिंकला होता. पाच पोरी, एक जुनाट मैदान, समोर बलाढ्य संघ. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण कसं? तर, 'अक्का कॉलेजात खेळायची'. बस. जसं 'मामा पूर्वी बासरी वाजवायचे' तसं. पुढे कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी घरी आली. शाल्मली नावाची, मुंबईची, सिनेमासाठी माहिती गोळा करत फिरायची. अक्कांनी तिला चिरोटे खायला घातले, गप्पा मारल्या, एक जुना फोटो दिला. अण्णा तेव्हा कुठे होते? आतल्या खोलीत. झोपले होते. उठून बाहेर आले, मुलगी निघालेली, तर म्हणतात, "पॉलिसीवाली का? नको म्हणून सांग." ...संपलं! एवढाच त्यांचा त्या सिनेमाशी संबंध.

आणि मग एक दिवस आला की हो सिनेमा! नाव नाही सांगत, त्यांची फुकट जाहिरात मी का करू? सौम्या नाचायला लागली, "माझ्या आईवर सिनेमा, माझ्या आईवर सिनेमा!" मी तिकिटं काढली इंदिरानगरची, रविवार दुपारचा शो. अण्णांनी ठेवणीतला शर्ट काढला. मेट्रोत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, कन्नडमध्ये, "आमच्या घरचाच सिनेमा आहे, बघायला निघालोय." तो बिचारा आमच्याकडे बघून सरकून बसला. त्याला वाटलं घरी प्रोजेक्टर लावायचा सोडून हे कुठे निघाले!

अंधार झाला. अक्षरं आली. 'सत्य घटनेवर आधारित.' सौम्याने अक्कांचा हात धरला. अण्णा ताठ बसले, राष्ट्रगीताला उभे राहतात ना, तसे बसले.

पहिला अर्धा तास, खोटं कशाला बोलू, छान होता. लाल मातीचं मैदान, पाच पोरी, अक्कांचं नाव बदलून 'वसुधा' केलेलं. दोन वेण्या, हातात बॅट. अण्णा माझ्या कानात, "बघा, बघा, ती वसू!" मीपण, "हो अण्णा, वा अण्णा." आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, मैदानाच्या कडेने भर्रर्र करत एक लाल मोटारसायकल आली. वरून उतरला कोंबडा. म्हणजे केसांचा. हा सुमंत. रेडिओ दुरुस्त करायचं दुकान ह्याचं, मैदानासमोर. पण रेडिओ हा करायचाच नाही दुरुस्त! दिवसभर ह्याचा एकच उद्योग, वसुधाच्या बॅटला तारा विणून द्यायच्या. आणि बॅट परत देताना म्हणतो काय, "वसुधा, ह्या बॅटीत मी तार नाही, जीव ओवलाय!"

अण्णा वाकले. "शुभंकर, हा कोण?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "असेल कोणीतरी, मेकॅनिक."

"सरी." मान सरळ केली. पडद्यावर मेकॅनिक आणि वसुधा एका डोशात दोघं जेवायला लागले. अण्णा परत वाकले, ह्या वेळी माझ्यावरून आडवे, थेट अक्कांकडे. "वसू, हा कोण?"

आणि अक्का! अक्का पॉपकॉर्न खातायत, डोळे पडद्याला चिकटलेले, म्हणतात, "काय माहीत! बघू ना पुढे काय होतं ते!"

"तुला माहीत नाही? तुझी गोष्ट आहे ना ही?"

"अहो शूः! फायनल जवळ आलीये. जिंकतात का नाही कोण जाणे!"

बघा! स्वतः जिंकलेली फायनल, आणि ही बाई टेन्शनमध्ये! मागून कोणीतरी "अंकल, स्वल्प..." असं म्हणालं, तेव्हा अण्णा सरळ झाले. पण इंटरव्हलला समोसा आणला तर घेतला नाही. ताठ बसून राहिले, खिशातल्या पेनाचं टोपण काढ, लाव, काढ, लाव...

इथपर्यंतही ठीक होतं हो. सिनेमा म्हटला की एक सुमंत येणारच. घात पुढे झाला. फायनल झाली, वसुधाने हवेत आडवं झेपावून शेवटचा फटका मारला, संघ जिंकला, थिएटरात शिट्ट्या... आणि मग एक सीन आला. घरात मुलगी बघायचा कार्यक्रम. समोर खुर्चीत एक माणूस. पोट सुटलेला, तेल चोपडून चपटा भांग, पुढ्यात उप्पिट्टूची बशी. कोणीतरी म्हणतं, "मुलगा बँकेत आहे." मी अण्णांकडे बघायचं टाळलं. आणि तो माणूस, तोंडातल्या घासासकट, वर न बघता म्हणतो, "लग्नानंतर हे खेळबीळ बंद."

अख्खं थिएटर, तुम्हाला सांगतो, एका आवाजात "श्शी!" म्हणालं. मागची एक पोरगी कन्नडमध्ये काहीतरी जोरात बोलली. मला अर्धंच कळलं. अण्णांना पूर्ण कळलं.

मग काय, वसुधाने बॅट माळ्यावर टाकली, सुमंत मोटारसायकलवरून धुरळ्यात दिसेनासा झाला, लोकांनी डोळे पुसले. शेवटी खऱ्या संघाचा फोटो आला, काळा-पांढरा. टाळ्यांचा कडकडाट! पाच पोरी, खांद्यावर बॅटी, तोंडभर हसतायत. आणि त्या टाळ्यांत अण्णा हळूच विचारतात, "वसू, ह्यात तू कुठली?"

अक्कांनी बोट दाखवलं. अण्णा बघेपर्यंत फोटो गेला.

परतीची मेट्रो धरली. के. आर. पुरम आलं, उतरलो, जिने उतरलो, रिक्षात बसलो, आणि तिथे स्फोट. म्हणजे अण्णांचा स्फोट. तो साधारण तुमच्या-आमच्या शिंकेएवढा असतो. "मी... असं... म्हणालो नव्हतो."

सौम्या म्हणाली, "अण्णा, सिनेमा आहे तो."

"सत्य घटनेवर आधारित आहे! लिहिलंय! मी वाचलंय!" आणि मग जरा थांबून, "आणि मला पोट नव्हतं."

झालं! त्या दिवसापासून सुमंत घरात. सकाळी कॉफीला सुमंत, दुपारी जेवणाला सुमंत. अण्णा सरळ नाही विचारत, बँकेतला माणूस, तपासणी करतो. पेपरमागून आवाज येतो, "वसू, ती मोटारसायकल कुठल्या कंपनीची होती?"

"कुठली मोटारसायकल?"

"त्याची."

"अहो, तो नव्हताच म्हणते ना मी! आमच्या बॅटींना तारा विणायचे एक म्हातारे होते, दात पडलेले. त्यांना ऐकू यायचं नाही."

"नसलेल्या माणसाची मोटारसायकल एवढी चकाचक कशी?"

आता ह्याला काय उत्तर आहे, सांगा ना! मी अण्णांना समजावायला गेलो की सिनेमात असं घालावं लागतं. म्हणाले, "शुभंकर, तुमच्या कंपनीत तुम्ही एखादा नसलेला माणूस हजेरीवर दाखवला तर चालेल?" आता आमच्या कंपनीत... जाऊ दे, तो विषय वेगळा आहे.

शेवटी सौम्याच वैतागली. तिने शाल्मलीचा नंबर शोधला, फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवला. "विचारा काय विचारायचं ते!" अक्का तिथंच जमिनीवर अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर नाही केली.

अण्णांनी घसा साफ केला. "मॅडम, नमस्कार. हा सुमंत कोण?"

ती मुलगी एकदम खूश. "सर! आवडला ना सुमंत? ते क्रिएटिव्ह लिबर्टी आहे सर!"

"कोणाची?"

"आमच्या डिरेक्टर सरांची."

"बायको माझी, आणि लिबर्टी त्यांची?"

तिकडे खोकला. मग ती म्हणाली, "सर, म्हणजे तो इमॅजिनरी आहे, पूर्ण इमॅजिनरी." अण्णांचा चेहरा जरा उजळला, तेवढ्यात त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला. कशाला विचारला! "आणि तो बँकवाला?"

"तो ना सर, तो काँपोझिट आहे. म्हणजे चार-पाच लोक मिसळून एक."

"मॅडम, मी काँपोझिट नाही. मी चीफ मॅनेजर होतो."

मी सोफ्याच्या उशीत तोंड खुपसलं. सौम्या स्वयंपाकघरात पळाली. पण त्या मुलीचा आवाज एकदम खाली आला. म्हणाली, "सर, सॉरी... तुम्ही आहात ते? आय अ‍ॅम सो सॉरी. आम्ही मुद्दाम नाही केलं. मी अक्कांना विचारलं होतं, एवढं छान खेळत होतात तर थांबलात का? त्या म्हणाल्या, 'लग्न झालं.' एवढंच म्हणाल्या. पुढे काही बोलल्याच नाहीत, मला चिरोटा वाढला. मग आम्हाला त्याचा सीन करावा लागला."

फोन संपला. घरात आवाज फक्त शेंगांचा. फट्, फट्. आणि अण्णा, तुम्हाला सांगतो, खुर्चीतून उठले आणि ह्या माणसाला मी कधी जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं, ते अक्कांसमोर जमिनीवर बसले. गुडघे कडकड वाजले. मी जावई, मी तिथून उठायला हवं होतं, कळतं मला! पण बसून राहिलो.

"वसू, मी म्हणालो होतो? खेळबीळ बंद?"

"नाही हो."

"नक्की? मला आठवत नाही, म्हणून विचारतो."

"नाही म्हणालात." फट्. "तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

"मग?"

"मग काय? बॅट आणली होती मी, लग्नाच्या पेटीत. वरच होती, साड्यांच्या वर. म्हटलं, कोणी बघेल, विचारेल, तू खेळायचीस ना म्हणे? सासूबाईंनी पेटी लावली, बॅट बघितली, नीट पुसून कपाटामागे ठेवली. चांगल्या होत्या हो त्या. तुम्हीही चांगले. बँकेतून यायचात, कॉफी प्यायचात, पेपर वाचायचात. मी वाट बघायची, आज विचारतील. कोणी नाही म्हणालं नाही आणि कोणी हो म्हणालं नाही. मग तुमची बदली झाली, मग सौम्या झाली, घरं बदलता बदलता ती बॅट कुठे राहिली कोणास ठाऊक."

"तू सांगायचंस की गं!"

"तुम्ही विचारायचंत की."

ह्यात राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं, भांडून मिटवता आला असता. अण्णांनी एकदा समोरच्या शेंगांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तो सिनेमातला बँकवाला बरा. तो निदान काहीतरी बोलला."

अक्कांना हसू आलं. त्यांनी मूठभर शेंगा अण्णांच्या पुढ्यात सरकवल्या. "बसलाच आहात तर सोला."

सोलता सोलता अण्णा सिनेमातलं एकेक विचारत राहिले. पहिल्यांदाच हं, इतक्या वर्षांत! "बस दरीत अडकलेली?" "कुठची दरी, बस वेळेच्या आधी पोचली, आम्ही मैदानाबाहेर ताटकळलो." "तो तुझा आडवा फटका?" "मी आडवी पडले असते तर उठले असते का? समोरच्यांनी चेंडू जाळ्यात मारला." "मग तुम्ही जिंकलात कशा?" "तशाच जिंकतात. समोरचा चुकेपर्यंत परत मारत राहायचं." अण्णांनी हातातली शेंग खाली ठेवली, जरा विचार केला, आणि परत उचलली. "त्या फोटोत मला तू ओळखू आली नाहीस, वसू. आयुष्यभर लोकांच्या सह्या ओळखल्या मी..." पुढचं वाक्य कन्नडमध्ये होतं. मी उठलो. तेवढी अक्कल आहे मला.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात फोन. "शुभंकर, शनिवारी मोकळे आहात? शिवाजीनगरला जायचंय. वसूला सांगू नका." मी म्हटलं चला, सत्य घटना घडतेय! गेलो. आता इथल्या, म्हणजे बंगळुरातल्या, शिवाजीनगरच्या गर्दीत, तुम्हाला सांगतो, तुम्हाला जहाजाचा नांगरसुद्धा मिळेल. पण बॉल बॅडमिंटनची बॅट? पहिला दुकानदार शटल दाखवतो. अण्णा म्हणतात, "शटल नको, बॉल." तो क्रिकेटचा बॉल काढतो. "नाही, लोकरीचा." त्याने आम्हाला कुठे पाठवावं? लोकरीच्या दुकानात! तिथली बाई विचारते, "किती महिन्यांचं आहे बाळ?" अण्णा गोंधळले, म्हणाले, "पासष्ट वर्षांच्या पुढे आहे." तिने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. पार मागच्या गल्लीत, एका काळोख्या दुकानात, वरच्या फळीवर सापडल्या एकदाच्या! दोन बॅटी, आणि पिशवीत पिवळेधमक चेंडू. अण्णांनी एक चेंडू हातात घेतला आणि वासच घेतला हो त्याचा! मला विचारतात, "सुमंत असता तर त्याने हीच निवडली असती का?" मी म्हटलं, "अण्णा, सुमंत नाहीये." "माहीत आहे. पण असता तर?"

घरी आलो. अण्णांनी बॅट पाठीमागे लपवलेली, चेहरा नवरदेवासारखा. पुढे केली. सौम्याने आधीच डोळ्याला ओढणी लावली. मला वाटलं आता अक्का रडणार, पार्श्वसंगीत वाजणार... अक्कांनी बॅट घेतली. तारांवर अंगठा दाबला. कानाशी धरून टिचकी मारली. मूठ वळवून बघितली. आणि म्हणाल्या, "ताण नाही हिला. आणि मूठ जाड आहे, पुरुषांची. बदलून आणा."

बदलून आणा! सिनेमात दाखवतील का हे? तर आम्ही परत शिवाजीनगर. परत त्या लोकरवाल्या बाईने हात केला.

आणि मग आला तो दिवस, बिल्डिंगच्या मागचं कोर्ट, सकाळची वेळ. अक्का चुडीदार घालून, ओढणी कमरेला बांधून. अण्णा इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. पायऱ्या उतरताना मला हळूच सांगतात, "मी जरा हळूच मारणार आहे. तिची सवय गेलीये, हरली तर वाईट वाटेल." मी म्हटलं, "बरोबर आहे अण्णा, सांभाळून घ्या."

अक्कांनी पहिली सर्व्हिस केली.

काय झालं मला विचारू नका. मी समोर उभा होतो, मलाही दिसलं नाही. चेंडू निघाला असा, वळला तसा, आणि अण्णांच्या बॅटऐवजी अण्णांच्या कपाळावर पोचला. लोकरीचाच तो, लागत नाही, पण अपमान लागतो ना! अण्णा म्हणाले, "वारा आला." एक पान हलत नव्हतं! दुसरी सर्व्हिस, अण्णा उजवीकडे पळाले, चेंडू डावीकडे. तिसरीला अण्णा डावीकडे पळाले... जाऊ दे. सासरे आहेत माझे. अक्का जागेवरून हललीच नाही हो ती बाई! नुसतं मनगट. आणि चेंडू अण्णांच्या पायाशी पडला की हसायची. तोंड भरून, मान मागे टाकून. आम्ही तिच्या हातचं एवढी वर्षं जेवलो, पण ते हसणं कुणी बघितलं नव्हतं. सौम्या माझा दंड धरून उभी. आणि अण्णा, धापा टाकतायत, शर्ट घामाने चिकटलाय, पेन कुठेतरी पडलंय, आणि परत परत म्हणतायत, "अजून एक, वसू. अजून एक मार."

आता, तुम्हाला सांगतो, रोज सकाळी हेच. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या, अक्का शिकवतात, त्या शिकतात. घरात कॉफी कोण करतं? अण्णा. मला फिल्टरची कॉफी त्यांच्या हातची प्यावी लागते, ती पाण्यासारखी असते, पण तक्रार कोणाकडे करायची? अक्का तर कोर्टवर! आणि कॉफी झाली की अण्णांचं पुढचं काम, झुडपांतले चेंडू वेचायचे. खेळायला त्यांना कोणी घेत नाही. अक्कांनीच सांगितलं, "तुम्ही कडेला उभे राहा, पायात येता."

कालची गोष्ट. तळमजल्यावर नवीन राहायला आलीये सिद्धी म्हणून, नागपूरची, कुठल्याशा कंपनीत आहे. ती धावतच आली कोर्टवर. "काकू! तुम्ही त्या सिनेमातल्या आहात ना? वसुधा? अहो, मी तो तीनदा पाह्यला!" अक्का म्हणाल्या, "हो, म्हणतात खरं तसं." मग त्या पोरीची नजर फिरत फिरत गेली अण्णांवर. हातात टॉवेल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, केसांत पिवळी लोकर, अर्धे झुडपात. तिचे डोळे असे भरून आले! म्हणते, "आणि काका... तुम्ही... तुम्ही सुमंत?"

माझ्या तोंडातली कॉफी बाहेर. म्हटलं, संपलं! आता महिनाभर परत चौकशी, परत मोटारसायकल! सौम्या पुढे झाली सावरायला. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. बॅट काखेत, कमरेवर हात, अण्णांकडे बघत राहिल्या, डोळे जरा बारीक करून... काय म्हणतात बघू ना!

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. झुडपातून बाहेर आले. डोक्यावर जे काही उरलंय त्याच्यावरून हात फिरवला, जरा वर उचलून बघितलं. आणि म्हणाले,

"हो. मीच."

"अय्या! मग शेवट खोटाच की हो सगळा! बरं झालं! आणि काका, तो बँकवाला? त्याचं काय झालं?"

अण्णा कमरेला हात लावून परत वाकले, पुढचा चेंडू उचलायला.

"तो होय? त्याची बदली झाली."